वळलेल्या मुठीमागचा माणूस

पुणे-सातारा महामार्गावर नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्याला वळलं की वेल्ह्याचा रस्ता लागतो, आणि थोडं पुढे कापूरहोळला वळलं की भोरचा. महामार्गावर वाहनांचा वेग मोठा, आतल्या घाटरस्त्यांवर वळणं अवघड, आणि दोन्हीकडे दुचाकीशिवाय कुणाचंच चालत नाही. या भागातल्या घरांना डोक्याच्या अपघाताची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

कारण नेहमी अपघातच असतो असंही नाही. मोठा पक्षाघात, बंद पडून पुन्हा सुरू झालेलं हृदय, पाण्यातून बेशुद्ध काढलेला माणूस, मण्यार चावून श्वास थांबलेला रुग्ण, यांपैकी कशानंही मेंदूला मोठी इजा होऊ शकते. असे काही रुग्ण आयसीयूतून जगून बाहेर पडतात, पण पूर्ण शुद्धीवर येत नाहीत. पुण्यातल्या रुग्णालयातला मुक्काम लांबतो, जवळचे पैसे संपत येतात आणि एक दिवस अॅम्ब्युलन्स गावाकडे निघते. सोबत नाकातली नळी, लघवीची पिशवी, कधी गळ्यातली श्वासाची नळी आणि डिस्चार्जचा कागद. त्या कागदावर औषधं असतात, पुढची तारीख असते. पण येत्या काही आठवड्यांत रुग्णाचे हात छातीशी आवळत जातील, मूठ घट्ट वळेल, गुडघे दुमडतील आणि पावलं खाली वळून टाचा वर ओढल्या जातील, हे बऱ्याच घरांना कुणी नीट समजावून सांगितलेलं नसतं. घरचे म्हणतात, ‘झोपून झोपून अंग आखडलं.’ आणि ते गृहीत धरलं जातं.

ते गृहीत धरू नये. स्नायूंच्या या ताठरपणाला वैद्यकात स्पास्टिसिटी म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. शुद्ध हरपलेल्या रुग्णात त्या उपचारांचं महत्त्व इतर रुग्णांपेक्षा जास्त आहे, कारण हा माणूस आतून जागा आहे का, हे आपण त्याच्या हालचालींवरूनच ओळखतो. हालचालच ताठरपणात अडकली असेल, तर जाग असूनही ती कुणाला दिसणार नाही.

कोमा, आणि कोमानंतर

गावात अशा प्रत्येक रुग्णाला ‘कोमात आहे’ असंच म्हणतात. खरं तर कोमा सहसा काही दिवस ते काही आठवडे टिकतो. त्यात डोळे मिटलेले असतात आणि झोप-जाग असं चक्र नसतं. त्यानंतर काही रुग्ण डोळे उघडतात, दिवसा जागे आणि रात्री झोपलेले दिसतात, पण कशालाही जाणतेपणानं प्रतिसाद देत नाहीत. ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम या दोन डॉक्टरांनी १९७२ मध्ये या अवस्थेचं वर्णन केलं. मराठीत तिला ‘वनस्पतिवत अवस्था’ म्हटलं जातं. हा शब्द माणसाचा अपमान करणारा आहे, म्हणून अलीकडे डॉक्टर ‘प्रतिसादहीन जागृतावस्था’ अशा अर्थाची संज्ञा वापरू लागले आहेत.

तिच्या पुढची पायरी २००२ मध्ये निश्चित झाली, ती म्हणजे अल्पजागृत अवस्था. हा रुग्ण कधी नजरेनं माणसाच्या मागे जातो, कधी सांगितल्यावर बोट हलवतो, तर कधी काहीच करत नाही. त्याची जाग येते-जाते, पण ती असते. या दोन अवस्थांमधला फरक ओळखणं भल्याभल्यांना कठीण जातं. बेल्जियममधल्या लीज विद्यापीठाच्या गटानं २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या तपासणीत ज्या ४४ रुग्णांवर ‘वनस्पतिवत’ असा शिक्का बसला होता, त्यांची ठरावीक पद्धतीनं, गुण देत पुन्हा तपासणी केली. त्यातले १८ जण प्रत्यक्षात अल्पजागृत निघाले. म्हणजे पाचांत दोघांच्या बाबतीत निदान चुकलं होतं.

त्याही पुढचं सत्य मेंदूच्या स्कॅननं दाखवलं. २००६ मध्ये एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी अपघातानंतर पाच महिने प्रतिसादहीन असलेल्या एका तरुणीला स्कॅनरमध्ये ठेवून, टेनिस खेळत असल्याची कल्पना करायला सांगितलं. तिच्या मेंदूतला हालचालींची आखणी करणारा भाग निरोगी माणसासारखाच कार्यरत झाला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या बहुदेशीय अभ्यासात, सांगितलेली एकही गोष्ट न करणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांनी मेंदूच्या पातळीवर सूचना पाळल्याचं आढळलं. चारांतला एक रुग्ण ऐकत होता, समजत होता, प्रयत्न करत होता. शरीर मात्र साथ देत नव्हतं.

स्नायू ताठरतो कसा

प्रत्येक स्नायूत ताण मोजणारे सूक्ष्म तंतू असतात. स्नायू अचानक ओढला गेला की ते पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला खबर देतात आणि मज्जारज्जू तिथल्या तिथे स्नायू आवळायचा हुकूम देतो. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारतात तेव्हा पाय उडतो, तो यामुळेच. निरोगी माणसात मेंदू या प्रतिक्षिप्त क्रियेला सतत आवर घालत असतो. मेंदूतून खाली येणारे मार्ग तुटले की तो आवर सुटतो आणि साध्या स्पर्शानं, कूस बदलल्यानं, खोकल्यानंसुद्धा स्नायू आवळले जातात.

या ताठरपणाची एक खूण घरी सहज तपासता येते. रुग्णाचा कोपर अगदी सावकाश सरळ केला तर बराच उघडतो. तोच झटक्यानं ओढला की मध्येच अडकतो. गाडीतला सीटबेल्ट हळू ओढला तर येतो आणि हिसका दिला तर अडकतो, तसंच हे असतं. अॅशवर्थ नावाच्या मोजपट्टीवर डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट या अडकण्याला ० ते ४ असे गुण देतात. शून्य म्हणजे अडथळा नाही आणि चार म्हणजे सांधा हलतच नाही.

इथवरचा दोष नसांचा. पण स्नायू सतत आवळलेल्या स्थितीत राहिला की त्याची घडणच बदलते. त्यातले तंतू आखूड होतात, भोवतीची आवरणं जाड होतात आणि शेवटी सांधाच त्या कोनात जखडतो. या दुसऱ्या टप्प्यावर गोळ्या आणि इंजेक्शनं चालत नाहीत. म्हणूनच पहिले आठवडे आणि महिने मोलाचे.

हे किती जणांना होतं? लीजच्याच गटानं २०१५ मध्ये दीर्घकाळ शुद्ध हरपलेल्या ६५ रुग्णांची तपासणी केली. ८९ टक्क्यांमध्ये ताठरपणा होता आणि ६० टक्क्यांहून अधिक जणांमध्ये तो तीव्र होता. ताठरपणा जितका जास्त, तितक्या वेदनेच्या खुणाही जास्त होत्या. ‘त्याला काय कळतंय’ असं म्हणणाऱ्यांनी याच गटाचा २००८ चा निष्कर्षही लक्षात ठेवावा: अल्पजागृत रुग्णांच्या मेंदूत वेदनेचं जाळं जवळजवळ निरोगी माणसासारखंच काम करतं. सांगता न येणारी वेदना ही वेदनाच असते.

केईएममधली बेचाळीस वर्षं

महाराष्ट्राला हा विषय एका नावामुळे माहीत आहे. अरुणा शानबाग मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच त्यांच्यावर अत्याचार झाला, साखळीनं गळा आवळला गेला आणि मेंदूचा ऑक्सिजन तुटला. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियानं मृत्यू येईपर्यंत त्या केईएममध्येच होत्या. सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या तपासणीसाठी तीन डॉक्टरांची समिती नेमली आणि ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. देशभर चर्चा झाली ती दयामरणाची.

त्या खटल्याच्या नोंदींमध्ये आणखी दोन गोष्टी होत्या. इतकी वर्षं अंथरुणात राहूनही त्यांच्या अंगावर शय्याव्रण नव्हते. केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी केलेल्या सेवेचा याहून मोठा पुरावा नाही. आणि दुसरी गोष्ट, त्यांच्या हातापायांचे सांधे आखडलेले होते. मायेनं केलेली सेवा त्वचेला वाचवू शकली, पण सुटलेल्या प्रतिक्षिप्त क्रियेला आवर घालणं तिच्या हातात नव्हतं. त्यासाठी लागणारे उपचार १९७३ मध्ये बहुतांशी उपलब्धच नव्हते. बोटुलिनम विषाच्या इंजेक्शनाला अमेरिकेत पहिली मान्यता १९८९ मध्ये मिळाली, तीही डोळ्यांच्या विकारांसाठी. मज्जारज्जूभोवती बॅक्लोफेन हे औषध सोडण्याचे पहिले प्रयोग १९८४ मधले. आज दोन्ही उपचार आपल्याकडे होतात. आजच्या रुग्णाचे सांधे आखडू देण्याला तेव्हाचं कारण पुरणार नाही.

आधी टोचणी शोधा

ताठरपणा अचानक वाढला की घरच्यांना वाटतं, आजार बळावला. बऱ्याचदा कारण साधं असतं. तुंबलेली लघवीची नळी, लघवीतला जंतुसंसर्ग, चार दिवसांची बद्धकोष्ठता, कमरेखाली सुरू झालेली जखम, मांसात रुतलेलं नख, घट्ट बसलेला डायपर, टाचेखाली चुरगळलेली चादर. रुग्णाला तक्रार करता येत नाही. त्याचे स्नायू ती करतात. वेल्ह्याच्या पश्चिम भागात पावसाळ्यात अंथरूण दिवसेंदिवस ओलसर राहतं आणि हिवाळ्यात रात्री गारठा असतो. गारठ्यानंही ताठरपणा वाढतो. गोळीचा डोस वाढवण्याआधी डोक्यापासून पायापर्यंत रुग्ण एकदा नीट पाहणं हा पहिला आणि बिनखर्चाचा उपचार आहे. एकच पाय अचानक सुजला, तापला किंवा हलवताना रुग्णाचा चेहरा पिळवटला, तर मात्र त्या पायाला मालीश करायचं नाही. शिरेत रक्ताची गुठळी किंवा हाड मोडलेलं असू शकतं. थेट डॉक्टर गाठायचा.

मूठ उघडण्याची रीत

घट्ट वळलेली मूठ बोटं ओढून उघडायला गेलं की आणखी आवळते. रीत उलटी आहे. आधी रुग्णाचं मनगट तळव्याच्या बाजूला हळूच वाकवायचं. बोटं दुमडणारे स्नायू मनगटावरून जातात, त्यामुळे मनगट वाकलं की त्यांच्यावरचा ताण सैल पडतो. मग अंगठ्याला टोकाशी न धरता बुडाशी धरून बाहेर घ्यायचं. त्यानंतर करंगळीकडून एकेक बोट उघडत जायचं. बोटं मोकळी झाली की ती तशीच धरून मनगट सावकाश सरळ करायचं आणि थांबायचं. तळवा कोमट पाण्यानं धुऊन, बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडा करायचा आणि नखं कापायची, कारण वळलेल्या मुठीत नखं तळव्यात रुततात आणि घाम साचून जखम होते. शेवटी मऊ कापडाची गुंडाळी मुठीत ठेवायची. लीजच्या एका छोट्या अभ्यासात १७ रुग्णांवर हे पाहिलं गेलं. मऊ पट्टी (स्प्लिंट) अर्धा तास हातात ठेवल्यावर किंवा तितकाच वेळ हातानं सावकाश ताण दिल्यावर बोटांचा ताठरपणा कमी झाला होता; मऊ पट्टीनंतर हात जास्त उघडत होता.

पावलासाठी टाच तळहातात घ्यायची, तळपाय आपल्या कोपरापुढच्या हातावर टेकवायचा आणि अंगाचा भार हळू टाकत पाऊल नडगीकडे न्यायचं. दर दोन तासांनी कूस बदलणं, एका कुशीवर असताना गुडघ्यांमध्ये उशी ठेवणं आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की रोज बसवणं, हे सगळं याच उपचारात मोडतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. केवळ ताण देऊन सांधे मोकळे राहतात का, यावर जगभर झालेल्या चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेनं २०१७ मध्ये आढावा घेतला आणि उत्तर निराशाजनक निघालं. नसांच्या आजारांत नुसत्या ताण देण्यानं सांध्याच्या हालचालीत म्हणावा असा फरक पडत नाही. मग हे करायचं कशाला? स्वच्छतेसाठी, आरामासाठी, जखमा टाळण्यासाठी आणि औषधानं स्नायू सैल झाला की त्याचा फायदा टिकवण्यासाठी. पण आई किंवा बायको रोज मालीश करत असूनही हात आखडला, तर तो तिच्या सेवेतला कमीपणा नाही. तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या नातेवाइकांनी हे ध्यानात घ्यावं. आणि हाडवैद्याकडून जोरानं सांधा ‘मोकळा’ करून घेणं तर कटाक्षानं टाळावं. महिनोन्महिने अंथरुणात असलेल्या माणसाची हाडं ठिसूळ झालेली असतात. ती त्या ओढाताणीत मोडतात.

औषधांचा पेच

ताठरपणावर बॅक्लोफेन आणि टिझॅनिडिन या गोळ्या नेहमी दिल्या जातात. स्वस्त आहेत, तालुक्याच्या ठिकाणी मिळतात आणि बऱ्याच रुग्णांना उपयोगी पडतात. अडचण अशी की त्या गुंगी आणतात. डायझेपामसारखी गोळी तर त्याहून जास्त. ज्याची जाग शोधायची आहे त्यालाच झोपेचं औषध दिल्यासारखं होतं. म्हणून डोस अगदी कमीपासून सुरू करणं, गोळी वाढवल्यावर रुग्ण जास्त झोपतो का याची नोंद ठेवणं आणि जाग तपासायच्या वेळी कोणती औषधं चालू आहेत हे डॉक्टरांना सांगणं गरजेचं आहे.

बॅक्लोफेनबाबत आणखी एक धोका घाटातल्या गावांनी कायम लक्षात ठेवावा. ही गोळी एकदम बंद झाली तर तीव्र ताठरपणा, ताप, भ्रम आणि फिट येऊ शकतात. पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद होणं इथे नवं नाही. जून उजाडण्याआधी किमान दोन आठवड्यांच्या गोळ्या घरात शिल्लक असल्याच पाहिजेत, आणि गोळी थांबवायची असेल तर ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळूच थांबवायची.

गुंगी टाळायची तर औषध थेट स्नायूत देणं हा उत्तम मार्ग. बोटुलिनम विषाचं, म्हणजे बोटॉक्स नावानं लोकांना माहीत असलेलं इंजेक्शन ठरावीक स्नायूंना सैल करतं. परिणाम काही दिवसांत सुरू होतो, महिन्याच्या आसपास सर्वाधिक असतो आणि साधारण तीन महिने टिकतो. इंजेक्शन महाग असतं, म्हणून नेमके कोणते स्नायू सैल करायचे हे आधी ठरवावं लागतं. खर्च झेपत नसेल तर फिनॉल हा जुना, बराच स्वस्त पर्याय आहे. तज्ज्ञ डॉक्टर ते नसेजवळ टोचतात आणि त्याचा परिणाम काही महिने राहतो. सगळं अंगच तीव्र ताठरलं असेल तर पोटाच्या त्वचेखाली पंप बसवून बॅक्लोफेन थेट मज्जारज्जूभोवती सोडता येतं. गोळीच्या तुलनेत अगदी थोडं औषध लागत असल्यानं गुंगीही कमी येते. त्याचा खर्च लाखांत जातो आणि ठरावीक काळानं औषध भरायला यावं लागतं. सांधा आधीच जखडला असेल तर स्नायूबंध लांबवण्याची शस्त्रक्रिया उरते. तिनं चालता येईलच असं नाही, पण खुर्चीत बसवता येतं, कपडे घालता येतात, अंग स्वच्छ ठेवता येतं. रोजची सेवा करणाऱ्याला विचारा, ही किती मोठी गोष्ट आहे ते.

शिक्का मारण्याआधी

आता मूळ मुद्द्याकडे. ‘दादा, अंगठा वर कर’ असं सांगितल्यावर अंगठा हलला नाही, तर त्याची दोन कारणं असू शकतात. त्याला ऐकलेलं समजलं नाही, किंवा समजलं पण अंगठा मुठीत अडकलाय. ताठरपणा कमी केल्याशिवाय या दोन्हींत फरक करता येत नाही. म्हणून तपासणी आधी आणि उपचार नंतर हा क्रम इथे अपुरा पडतो. स्नायू सैल करून पुन्हा तपासायला हवं आणि एकदा तपासूनही भागत नाही. जाग चढ-उतार करते, म्हणून दोन आठवड्यांत निदान पाच वेळा तपासणी करावी असं संशोधन सांगतं.

यात घरच्यांचा वाटा मोठा आहे, कारण रुग्णासोबत दिवसभर तेच असतात. घरातल्या नेहमीच्या नावानं हाक मारावी. शरीराचा जो भाग सर्वांत मोकळा आहे त्याचीच हालचाल मागावी; हात आवळले असतील तर डोळे मिटायला किंवा वर पाहायला सांगावं. दहा-पंधरा सेकंद थांबावं, कारण जखमी मेंदूला वेळ लागतो. चेहऱ्यासमोर आरसा हळू फिरवून नजर मागे येते का पाहावं. जे दिसेल ते तारीख-वेळेसह वहीत लिहावं, जमल्यास मोबाइलवर चित्रित करावं आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावं.

भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे, वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय. नळी बदलणं, जखम धुणं, जंतुसंसर्गावर उपचार करणं, नेहमीच्या गोळ्या देणं ही कामं तिथे व्हावीत. इंजेक्शन, पट्ट्या आणि जाग तपासण्यासाठी ससूनसारख्या पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयाकडे जावं लागेल. ताठरलेल्या माणसाला घेऊन घाटरस्त्यानं पन्नास-साठ किलोमीटर जाणं सोपं नाही, म्हणून एकाच फेरीत सगळी कामं होतील अशी वेळ आधी ठरवून घ्यावी.

ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे किंवा येणार आहे, त्यांनी डिस्चार्जच्या कागदावर सही करण्याआधी डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत. ताठरपणा सुरू झालाय का आणि अॅशवर्थ मोजपट्टीवर तो किती आहे? चालू औषधांपैकी कोणती गुंगी आणतात? हातापायांची काळजी कशी घ्यायची, हे फिजिओथेरपिस्ट आम्हाला प्रत्यक्ष दाखवतील का? आणि स्नायू सैल केल्यावर जाग पुन्हा कधी तपासणार? हे प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे. रुग्णाचा तो हक्क आहे, आणि त्याला स्वतःला तो मागता येत नाही म्हणून घरच्यांनी त्याच्या वतीनं मागायचा आहे.